फाय२९ पॉलिमरेज हेलिकेजशिवाय (डीएनएचे दोन स्ट्रँड वेगळे करणाऱ्या एन्झाइमशिवाय) समोरचा स्ट्रँड उचकटतो कसा?

निकपाशी_अडकलेला
फाय२९ आणि टी४, दोन्ही जीवाणूंवरच्या विषाणूंचे पॉलिमरेज (डीएनए बनवणारे एन्झाइम), दोन्ही बी कुटुंबातले, दोघांनाही ३'→५' एक्झोन्यूक्लिएज, म्हणजे ३' टोकाकडून डीएनए कुरतडणारा भाग. तरी टी४चा पॉलिमरेज एकटा असला की समोर दुहेरी डीएनए लागताच थबकतो आणि फाय२९ मात्र सत्तर हजार बेसच्या पुढे गेला तरी सुटत नाही. फरक नक्की कुठल्या भागात आहे? रोलिंग सर्कलसाठी (गोल डीएनएभोवती फिरत प्रती काढण्यासाठी) साधे हेक्सामर (सहा बेसचे प्रायमर) चालतील का, हेही सांगा.

बोगदा
फरक टीपीआर२ मध्ये. फाय२९च्या ५७५ अमिनो आम्लांच्या साखळीत, पाम भागात (पॉलिमरेजचा आकार हातासारखा मानतात: पाम, फिंगर्स, थंब), हा जादा तुकडा आहे. टी४ मध्ये तो नाही. २००४ साली स्फटिकरचना आली तेव्हा दिसलं की टीपीआर२, एक्झोन्यूक्लिएज भाग, पाम आणि फिंगर्स मिळून एक अरुंद बोगदा करतात. टेम्प्लेटला (ज्यावरून नक्कल होते त्या स्ट्रँडला) सक्रिय जागेपर्यंत जायचं तर त्यातूनच. व्यास साधारण १० अँगस्ट्रॉम, दुहेरी डीएनएचा २०. सुईच्या नेढ्यात एकच दोरा शिरावा तसं: टेम्प्लेट आत, जोडीदार बाहेरच अडतो आणि सोलला जातो. जोर येतो न्यूक्लिओटाइड जोडण्यातूनच, वेगळं एटीपी लागत नाही.

टीपीआर२ काढून टाकलेला म्युटंट एकेरी टेम्प्लेटवर डीएनए बनवतो, पण स्ट्रँड बाजूला सारू शकत नाही आणि लवकर सुटतो.

मेदुवडा
एक भर. लवकर सुटण्याचं कारण वेगळं आहे. तोच टीपीआर२ थंबबरोबर मागच्या बाजूला, नव्या दुहेरी डीएनएभोवती, मेदुवड्यासारखी कडी करतो. क्लॅम्पचं काम तिथे होतं. उचकटणं पुढच्या बोगद्यात, धरून ठेवणं मागच्या कडीत. ही दोन कामं लोक हमखास एकत्र करतात.

आणि टीपीआर२ हा सार्वत्रिक नियम समजू नका. क्लेनॉव (ई. कोलायच्या पॉलिमरेज १ चा तुकडा) ए कुटुंबातला, त्याच्यात हा तुकडा नाही, तरी तो स्ट्रँड सारतो. तिथे फिंगर्समधला फेनिलॲलनिन ७७१ महत्त्वाचा. टॅक (पीसीआरमध्ये वापरतात तो पॉलिमरेज) समोरचा स्ट्रँड मुख्यतः ५' टोकाकडून कापत जातो, ते विस्थापन नव्हे.

थंड_ब्लॉक
साधे हेक्सामर नकोत. एक्झोन्यूक्लिएज ते ३' टोकाकडून कुरतडतो. शेवटचे दोन बंध फॉस्फोरोथायोएट (कुरतडायला अवघड, गंधकवाले) असलेलेच मागवा.

वर्तुळाकार टेम्प्लेट आणि हेक्सामर ९५ अंशांना ३ मिनिटं, मग बर्फावर. एन्झाइम त्यानंतरच, आधी घातलात तर गेलाच. बफर: ट्रिस ५० मिलिमोलर (पीएच ७.५), मॅग्नेशियम क्लोराइड १०, अमोनियम सल्फेट १०, डीटीटी ४. बीएसए ०.२ मिग्रॅ/मिली, डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) प्रत्येकी १ मिलिमोलर. डीएनटीपी मॅग्नेशियम धरून ठेवतात, म्हणून उगाच वाढवू नका. ३० अंशांना रात्रभर, शेवटी ६५ अंशांना १० मिनिटं.

जेलमध्ये सगळा माल वेलमध्येच (नमुना भरायच्या खाचेत) बसलेला दिसला तर घाबरू नका, लांबलचक जोडसाखळी आहे ती. एकदाच कापणाऱ्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापा, प्लाझ्मिडच्या लांबीचा एक पट्टा यायला हवा. टेम्प्लेट नसलेल्या नळीतही माल दिसला तर नुसत्या प्रमाणावर विश्वास ठेवू नका: हेक्सामर भेसळीचा डीएनएही तितक्याच आनंदाने वाढवतात.

निकपाशी_अडकलेला
म्हणजे निक (एका स्ट्रँडमधली तुटलेली जागा) भरून थांबायचं असेल तर टी४, पुढे सोलत जायचं असेल तर फाय२९. पण टी४ला एक्झोन्यूक्लिएज असल्यामुळे तो टोकाशी कुरतडत बसणार नाही?

मेदुवडा
बसतो. डीएनटीपी संपले की कुरतडणंच उरतं. ते भरपूर ठेवा, लायगेज (तुटलेली जागा सांधणारा एन्झाइम) त्याच नळीत घाला.