विहिरीवरचं डिझेल इंजिन काढलं, पण तेल खरंच सुटलं का?

हळदवाला (परभणी)
राज्यात पेट्रोल-डिझेल महागलं की बातमीत पहिलं नाव आमच्या परभणीचं. तेल मनमाडच्या डेपोतून टँकरने येतं, साधारण तीनशे किलोमीटर, आणि ते भाडं आमच्या लिटरमध्ये चढतं. तेल आणायला जळालेल्या तेलाचे पैसेही आम्हीच भरतो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. जगात कुठेही युद्ध पेटलं की माझ्या चार एकरांच्या हिशेबाला आग लागते, ती अशी.

तेल कमी करायचं म्हटलं की बोलणं लगेच गाडीवर जातं. कोणती इलेक्ट्रिक घ्यावी, एका चार्जमध्ये किती पळते. माझं मत वेगळं आहे. सुरुवात विहिरीपासून करा.

विजेच्या जोडणीचे पैसे भरून पाच वर्षं वाट पाहिली. तोवर विहिरीवर ५ एचपीचं डिझेल इंजिन. तासाला लिटरभर डिझेल. दोन एकर हळद; पावसाळा सरला की आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावंच लागतं. शेवटच्या वर्षी वहीत मांडलं तर नुसत्या हळदीला २१० लिटर. पैसा गेला तो गेलाच, पण मोटारसायकलला कॅन बांधून पंपावर जायचं, हवा धरलेला पाइप सोडवायचा, थंडीत हँडल मारत बसायचं. असंच एकदा हँडल उलटं फिरलं आणि वडिलांचं मनगट मोडलं. अजून त्यांना त्या हाताने भरलेली बादली उचलत नाही.

दीड वर्षापूर्वी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये १० टक्के हिस्सा भरला, ५ एचपीचा संच बसला. सकाळी नऊपर्यंत धार बारीक असते. अकरा ते तीन पाइप भरून पाणी. इंजिनावर ताडपत्री टाकून ठेवलीय. जी वस्तू एका जागेवर बसून रोज तेल पिते ती आधी सोडवा, गाडीचं नंतर बघू, असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

भूजल (जालना)
दादा, तुमच्या वडिलांच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. पण मत मला मान्य नाही, आणि स्पष्टच लिहितो.

डिझेल महाग होतं म्हणून तुम्ही पाणी मोजून देत होता. वाफा भरला की धावत जाऊन इंजिन बंद करत होता, कारण प्रत्येक मिनिटाला पैसे जळत होते. आता ऊन फुकट आहे. मोटार बंद करायची घाई कुणाला? आमच्या गावात सोलर आल्यावर दोन वर्षांत नवीन बोअर किती झाले ते मी मोजलेत, ११. तुम्ही तेल वाचवलं, आणि त्याची किंमत जमिनीखालच्या पाण्याने दिली. तेल निदान विकत तरी मिळतं. मराठवाड्यात पाणी संपलं की टँकर येतो, आणि तो टँकर डिझेलवरच चालतो.

हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी घातली आणि दरवर्षी गावाचं पाण्याचं अंदाजपत्रक मांडलं. सोलर द्यायचं तर आधी ही शिस्त, मग प्लेटा. उलट क्रमाने केलं तर पुढच्या पिढीकडे प्लेटा असतील आणि खाली कोरडी विहीर.

हळदवाला (परभणी)
भाऊ, माझी हळद ठिबकवर आहे, त्यामुळे पाणी वाया जात नाही, असं लिहायला बसलो होतो. मग खोडलं. कारण एक गोष्ट मी वर लिहिलीच नव्हती. सोलर बसल्यावर पहिल्याच वर्षी मी उन्हाळी भुईमूग घेतला. डिझेलवर असताना उन्हाळ्यात रान मोकळं असायचं. म्हणजे तुमचं म्हणणं माझ्या शेतातच खरं ठरलंय.

तरी दुसरी बाजू ऐका. शेजाऱ्यांकडे वीज आहे, पण थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणूस काठी आणि बॅटरी घेऊन दोन वाजता पाणी द्यायला जातो. साप, रानडुकरं, उघड्या वायरी. मोटार चालू करून झोपी गेला तर सकाळपर्यंत पाणी वाहतं. पाण्याची नासाडी तिथेही होते. दिवसाचं पाणी नजरेसमोर असतं, ते बंद करता येतं.

प्लेट आणि पाट (नाशिक)
भूजल यांच्या प्रश्नाला एका गावाने उत्तर शोधलंय, ते इथे यायला हवं. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचं गाव आहे. तिथल्या डिझेल इंजिनवाल्या शेतकऱ्यांनी २०१५-१६ च्या सुमारास सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि पंप वीज कंपनीच्या तारेला जोडले. पाणी द्यायचं तेव्हा पंप चालवायचा, नसेल तेव्हा तीच वीज विकायची. मग विहिरीतून जास्त पाणी उपसणं म्हणजे विकायची वीज घालवणं. डिझेलच्या भीतीने जी काटकसर होत होती, ती आता मिळणाऱ्या पैशासाठी होते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आपल्याकडे बहुतेक संच सुटे आहेत, तारेला न जोडलेले. पावसाळ्यात दोन-तीन महिने पाणी द्यावंच लागत नाही, तेव्हा प्लेटा नुसत्या उन्हात. युनिव्हर्सल कंट्रोलर (प्लेटांची वीज पंपाशिवाय दुसऱ्या यंत्रांनाही देणारी पेटी) बसवला तर त्याच प्लेटांवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालते. हळदवाले दादा, तुमच्या संचाला तो आहे का?

हळदवाला (परभणी)
नाही. साधा आहे. दुसऱ्या कशाला जोडला तर हमी जाईल असं बसवणाऱ्यांनी बजावलंय. कडबाकुट्टी अजून हातानेच.

इंजिन मिस्त्री (वसमत)
मी ३० वर्षं इंजिनं बांधतो. माझं पोट त्यावर आहे, म्हणून विरोधात बोलतो असं कुणी म्हणेल, म्हणू द्या.

इंजिन बंद पडलं तर मला फोन येतो. तासाभरात मी बांधावर. रिंग गेली, नोझल अडकलं, बेअरिंग वाजतंय, नुसत्या आवाजावरून कळतं. सामान तालुक्याला मिळतं. सोलरचा कंट्रोलर गेला तर पेटी सीलबंद. हात लावायचा नाही. तक्रार नोंदवायची आणि बसायचं. आमच्या शिवारात एकाचा कंट्रोलर ऐन जानेवारीत गेला, माणूस आला २३ दिवसांनी. गहू निसवायला आला होता, अर्धा वाळला. शेवटी माझंच जुनं इंजिन नेऊन त्याने उरलेलं वाचवलं.

तेल परदेशातून येतं म्हणता. खरंय. पण ज्या वस्तूची दुरुस्ती गावात होत नाही, ती तरी आपल्या हातातली कशी? आम्हाला कंट्रोलर उघडायला शिकवा, सामान द्या, मी उद्या सोलरची पाटी लावतो. तोवर ताडपत्रीखालचं इंजिन विकू नका, दादा.

ऊसकरी (शिरोळ)
सगळे पंपावरच अडकलात. टाकीतलं तेल कमी करायचा रस्ता आमच्या उसातून जातो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते पाच वर्षं आधीवर आणलं आणि २०२५ मध्ये गाठलं. तेवढं तेल कमी आणावं लागतं. तो पैसा अरबाकडे जायच्या ऐवजी कारखान्याकडे आणि तिथून आमच्या खात्यावर येतो. साखर गोदामात पडून राहायची, एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) महिनोन् महिने थकायची, ते दिवस मी बघितलेत. त्यासाठी रस्त्यावर बसलोय. इथेनॉलने कारखान्याच्या हातात रोख पैसा आणला, हे ज्याने उसाच्या बिलाची वाट बघितलीय त्यालाच कळतं. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अटकाव केला तेव्हा आमच्या काळजाचं पाणी झालं होतं.

भूजल (जालना)
ऊसकरी दादा, तुमच्या घामाबद्दल आदर आहे. पण नीती आयोगाच्या इथेनॉलच्या आराखड्यातच लिहिलंय की उसापासून १ लिटर इथेनॉलला साधारण २,८६० लिटर पाणी लागतं. शिरोळला कृष्णा आहे, पंचगंगा आहे. ऊस मात्र सोलापूर, लातूर, धाराशिवलाही आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ते तुमच्याच शेजारून निघालं होतं. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी, म्हणून एका लिटर इथेनॉलने एक लिटर पेट्रोल वाचत नाही. म्हणजे एवढं पाणी घालूनही वाचणारं तेल दिसतं त्याहून कमीच.

ज्वारीची भाकर (फलटण)
आमच्या गावचं काम सांगते. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ पासूनची. तिथे डॉ. अनिल राजवंशी यांनी गोड ज्वारीपासून इथेनॉल करण्यावर अनेक वर्षं काम केलं. कणीस घरात, ताटाच्या रसापासून इथेनॉल, उरलेला चोथा जनावरांना. पाणी उसापेक्षा पुष्कळ कमी. ज्वारी हे मराठवाड्याचं आणि माणदेशाचं घरचं पीक. उसासाठी कारखाने, भाव, कर्ज, सगळी व्यवस्था उभी आहे. तिच्यातला थोडा भाग ज्वारीला मिळाला असता तर ऊसकरी दादा आणि भूजल दादा यांना भांडावं लागलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

ऊसकरी (शिरोळ)
ताई, ज्वारीला हमीने उचल दाखवा, मी दोन एकर लावतो. भावाशिवाय नको.

रोजची एसटी (अंबाजोगाई)
मी शिक्षिका आहे. गेली १४ वर्षं एसटीने जाते-येते. इथे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माझ्या शाळेच्या वाटेवर पूर्वी सकाळी दोन गाड्या होत्या. आता एक, तीही कधी येते, कधी येत नाही. गाडी चुकायला लागली तशी एकेकाने मोटारसायकल घेतली. माझ्या थांब्यावर २२ माणसं उभी असायची, आता आम्ही पाच. उरलेले १७ जण रोज १७ गाड्यांवर जातात. त्यांना तेलाची हौस नाही, त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच राहिला नाही.

हिशेब करून पाहा. एसटी लिटरला पाच किलोमीटर धरली आणि आत ४० माणसं असली, तर एका लिटरात २०० माणूस-किलोमीटर होतात. मोटारसायकल ५० चं मायलेज देते, एकटा माणूस बसतो, म्हणजे ५०. जुनी, धूर सोडणारी, डिझेलची एसटीसुद्धा भरून चालली तर माणशी पाव तेलात काम भागवते. १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर विजेवरची शिवाई सुरू झाली तेव्हा मला आनंदच झाला. १९४८ मध्ये पहिली एसटी त्याच मार्गावर धावली होती. पण माझ्या थांब्याला शिवाई नको, सात दहाची गाडी सात दहाला हवी. कोणती का असेना.

विजेची बाजू (पुणे)
ताईंचा हिशेब बरोबर आहे, पण म्हणून विजेवरच्या गाड्या थांबवायच्या का? पेट्रोल इंजिनात तेलातल्या ऊर्जेचा साधारण पाव भाग चाकापर्यंत पोचतो, बाकी उष्णता होऊन जातो. विजेच्या मोटारीत ८० टक्क्यांच्या वर पोचतो. स्कूटर रोज ३० किलोमीटर चालवणाऱ्याने बसची वाट बघत आणखी दहा वर्षं पेट्रोल का जाळावं?

राख (चंद्रपूर)
वीज कुठून येते तेही लिहा, सर. मी चंद्रपूरचा. इथलं कोळशावरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर संध्याकाळी बोट फिरवलं की रेघ उठते. आई पापड गच्चीवर वाळवायची, ते कधीच बंद केलं. तुमची स्कूटर पुण्यात धूर सोडत नाही, पण त्यातला काही आमच्या घरात येतो. मी विजेच्या विरोधात नाही. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर आधी प्लेटा टाका. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायट्यांनाही किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. गच्ची रिकामी ठेवून खाली चार्जर लावलात तर भार आमच्यावरच येतो.

विजेची बाजू (पुणे)
हे मी कधी या बाजूने पाहिलं नव्हतं. गच्चीचा विषय आमच्या सोसायटीच्या सभेत दोनदा टळलाय. पुन्हा मांडतो.

दहा चाकी (पनवेल)
मालट्रकवाल्यांचं कुणी बोलत नाही. माझी गाडी गोव्याला जाते. कोकण रेल्वेची रो-रो १९९९ पासून आहे, कोलाडला ट्रक वाघिणीवर चढवायचा, वेर्ण्याला उतरवायचा. घाटातलं सगळं डिझेल वाचतं, टायर वाचतात, ड्रायव्हर झोपतो. ती लाइन आता पूर्ण विजेवर आहे. माझ्या ट्रकला बॅटरी बसेल तेव्हा बसेल. अशा वाघिणी नाशिक-नागपूरला, सोलापूरला का नाहीत, हे मला कुणी सांगावं.

हळदवाला (परभणी)
सगळ्यांचं दोनदा वाचलं. विहीर आधी, हे माझं मत अजून तसंच आहे, पण ‘आधी’मध्ये काय काय येतं ते मला पुरतं कळलं नव्हतं.

मिस्त्री, इंजिन विकत नाही. तुम्ही वसमतचे, मी तसा जवळच. आमच्या गावात नऊ संच आहेत. हमी संपलेले दोन कंट्रोलर मिळवतो, तुम्ही उघडून बघा. काही बिघडलं तर नुकसान माझं.

भूजल भाऊ, आज दुपारी मोटार बंद ठेवली आणि विहिरीत दोरी सोडली. पाणी ३४ फुटांवर लागलं. वडिलांना विचारलं, डिझेलच्या वेळी या दिवसांत किती असायचं. ते म्हणाले, इंजिन खाली किती पायऱ्या उतरवायला लागायचं त्यावरून आठवतंय, सातव्या पायरीवर. आज पाणी अकराव्या पायरीखाली आहे. यंदा पाऊस कमी होता हेही खरं, त्यामुळे सगळा दोष भुईमुगाचा की नाही ते एका मापावरून कळणार नाही. कठड्यावर रंगाने तारीख आणि ३४ लिहिलंय. दर पौर्णिमेला दोरी सोडणार आणि इथे आकडा टाकणार. ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांनी आपापल्या विहिरीचं माप खाली लिहा. या उन्हाळ्यात मी भुईमूग लावणार नाही.