संथ वाजवली म्हणजे सखोल होते का? बेथोव्हनची ‘एरोइका’ आणि तिची ध्वनिमुद्रणे

चिकित्सक (चर्चाप्रस्ताव)

बेथोव्हनच्या नऊ सिंफनींची आपापली आवडती ध्वनिमुद्रणे सांगण्याचा धागा गेल्या आठवड्यात निघाला होता. त्यात ‘मंद्र’ यांनी तिसरी आणि नववी फुर्टवेंग्लरची, पाचवी आणि सातवी कार्लोस क्लायबरची, सहावी ब्रूनो वॉल्टरची अशी वाद्यवृंद-संचालकांच्या नावांची यादी दिली. यादीबद्दल माझी तक्रार नाही. क्लायबरच्या १९७४ च्या पाचवीबद्दल तर दुमत होण्याचे कारणच नाही. परंतु त्याखाली त्यांनी लिहिले की ‘एरोइका’ म्हणजे तिसरी सिंफनी खऱ्या अर्थाने एकदाच वाजली, डिसेंबर १९४४ मध्ये व्हिएन्नात फुर्टवेंग्लरच्या हातून, आणि नॉरिंग्टन-गार्डिनर प्रभृती संचालकांनी बेथोव्हनच्या काळातली जुनी वाद्ये हाती घेऊन तिला मेट्रोनोमच्या, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राच्या, दावणीला बांधले. हे वाचून गप्प बसवले नाही.

पहिल्या आठ सिंफनींची लयमाने बेथोव्हनने १८१७ मध्ये स्वतः प्रसिद्ध केली. ‘एरोइका’च्या पहिल्या भागासाठी त्याने मिनिटाला ६० बार (बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट) इतकी लय दिली आहे. त्या भागात ६९१ बार आहेत, म्हणजे आरंभीच्या खंडाची पुनरावृत्ती गाळली तर तो साडेअकरा मिनिटांत संपायला हवा. दुसरा भाग, म्हणजे शोकयात्रेचे संचलन, २४७ बारांचा असून त्याच्या मानाप्रमाणे साडेबारा मिनिटांच्या आत आटोपतो. फुर्टवेंग्लर तिथे सतरा मिनिटांच्या घरात जातो. हा फरक अभिरुचीचा म्हणून सोडून देण्याएवढा लहान नाही. संचलन आहे म्हणजे कोणीतरी चालत आहे, आणि १९४४ च्या मुद्रणात ती चाल वारंवार थांबते असे मला प्रत्येक वेळी जाणवते.

दुसरा मुद्दा ट्रम्पेटचा. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी मुख्य धून ट्रम्पेटांकडे येते, ती घेऊन ते वर चढू लागतात आणि मध्येच गळून पडतात. पुढची ओळ इतर फुंकवाद्ये पुरी करतात. त्या काळच्या ट्रम्पेटला झडपा नसल्यामुळे सगळे स्वर वाजवता येत नसत, म्हणून असे झाले असे मानून विसाव्या शतकातल्या बहुतेक बड्या संचालकांनी ती ओळ ट्रम्पेटकडूनच पुरी करून घेतली. कानाला ते भव्य वाटते, पण बेथोव्हनने तसे लिहिलेले नाही. ज्यांना परंपरा म्हणजे पावित्र्य वाटते त्यांनी आधी या ओळीचा खुलासा करावा.

मंद्र

आपण दिलेला एकही आकडा मी नाकारत नाही. त्यावरून आपण जो निष्कर्ष काढता तो मात्र मला मुळीच मान्य नाही. ‘एरोइका’ १८०४ मध्ये लिहून झाली होती आणि लयमाने आली तेरा वर्षांनी, जेव्हा त्याची श्रवणशक्ती जवळजवळ संपली होती. ज्याला समोरचा वाद्यवृंद ऐकू येत नाही, त्याच्या मनातली लय प्रत्यक्षातल्या लयीपेक्षा जलद धावते, हे कोणीही संगीतकार आपल्याला सांगेल.

लहान वाद्यवृंदाचा आग्रहही असाच पातळ पायावर उभा आहे. बेथोव्हनचा आश्रयदाता लोबकोविट्झ याच्या वाड्यात मूठभर वादकांनी ‘एरोइका’ वाजवली हे खरे, पण त्याला तेवढेच वादक हवे होते असे कोणी ठरवले? फेब्रुवारी १८१४ च्या मैफलीत, जिथे आठवी सिंफनी पहिल्यांदा वाजली, त्याच्या नोंदीप्रमाणे १८ पहिली व्हायोलिन, १८ दुसरी, १४ व्हियोला, १२ चेलो आणि ७ डबल बास होते. मिळाले तेव्हा त्याने मोठेच वापरले.

आमच्या तालुक्याच्या गावात पाश्चात्त्य संगीत ऐकणारे आमचे एकच घर होते. वडिलांनी मुंबईहून आणलेल्या मोजक्या तबकड्यांत ही ‘एरोइका’ होती आणि आमच्याकडे ती अमीर खाँसाहेबांच्या शेजारी ठेवलेली असे. झुमरा तालातला त्यांचा अतिविलंबित ख्याल ऐकून वाढलेल्या माणसाला फुर्टवेंग्लर समजावून सांगावा लागत नाही. लय उतरली की स्वराला बसायला जागा मिळते. गार्डिनर ऐकताना मला ती जागाच सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून माझी समज कमी आहे असे कोणी म्हटले तर ते मी ऐकून घेणार नाही.

अंतरा

मंद्र, आपल्या वडिलांच्या तबकड्यांविषयी मनापासून आदर आहे, पण ख्यालाची उपमा इथे लागू पडत नाही आणि ती इतक्या वेळा दिली जाते की आता तिचा प्रतिवाद करणे भाग आहे. झुमऱ्याच्या चौदा मात्रा लांबवल्या की गायकाला त्या अवकाशात आलाप भरता येतो, नवे काही सुचते, समेवर येण्याचा मार्ग दर आवर्तनात बदलता येतो. बेथोव्हनच्या बारमध्ये आम्ही वादक एकही स्वर वाढवू शकत नाही. लय निम्मी केली तरी स्वर तेवढेच राहतात, फक्त त्यांच्यामधले अंतर वाढते.

मी एका हौशी वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनमध्ये वाजवते. आमच्या एका संचालकांना, त्यांचे नाव घेत नाही, शोकयात्रा अगदी फुर्टवेंग्लरच्या लयीत हवी होती. तालमीत दीर्घ स्वरांवर गज टोकापर्यंत येऊन संपायचा आणि आम्ही सगळे वेगवेगळ्या जागी गज उलटवायचो, त्यामुळे ओळ तुटायची. त्याहून वाईट अवस्था डबल बासची होती. आरंभी ते मुख्य ठोक्याच्या आधी छोटे घाईचे स्वर वाजवतात, ते झाकलेल्या नगाऱ्याचे घुमणे आहे. लय थोडी चालती ठेवली तर ते स्वर ठोक्यात मिसळून खरोखर नगाऱ्यासारखे ऐकू येतात. इतक्या संथ लयीत ते सुटे पडले आणि चूक झाल्यासारखे ऐकू येऊ लागले. हे मी पुस्तकात वाचलेले नाही, दोन खुर्च्यांवरून ऐकलेले आहे.

शिवाय हा वाद जुनी वाद्ये विरुद्ध नवी असा नाहीच. हेर्मान शेर्खेनने १९५८ मध्ये व्हिएन्नातल्या नेहमीच्या वाद्यवृंदाकडून ‘एरोइका’ विलक्षण वेगाने वाजवून घेतली, तेव्हा नॉरिंग्टनच्या लंडन क्लासिकल प्लेअर्सचा पत्ताही नव्हता. तोस्कानिनी या संचालकाचे १९३९ चे वेगवान मुद्रण तर युद्धाच्या आरंभीचे आहे.

संवादिनी

मी हार्मोनियम वाजवतो, पाश्चात्त्य संगीताचा अभ्यासक नव्हे. परंतु मंद्र यांनी कोणती तबकडी ऐकली हे त्यांनी आधी सांगावे, कारण त्यावर ही सारी चर्चा अवलंबून आहे.

‘एरोइका’ ई-फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपल्या भाषेत काळी दोन. माझ्या काकांकडे युरेनिया कंपनीची तबकडी होती. १९४४ चे हे मुद्रण पहिल्यांदा बाजारात आले ते याच कंपनीकडून १९५३ मध्ये, आणि स्वतः फुर्टवेंग्लरने त्या प्रकाशनाला कायदेशीर हरकत घेतली होती. सुरुवातीचे ते दोन जोरकस आघात वाजले की मी पेटीवर काळी दोन धरून पाहायचो आणि ती कधीच जुळायची नाही, तबकडीचा सूर जवळजवळ पांढरी तीनला जाऊन भिडायचा. पुढे कळले की युरेनियाच्या तबकडीची पट्टी चढलेली आहे ही संग्राहकांमधली जुनी तक्रार आहे. पट्टी चढते तेव्हा लयही चढते. पूर्ण अर्धा सूर चढला तर सतरा मिनिटांचा भाग सोळा मिनिटांवर येतो. म्हणजे जगभरातल्या एका पिढीने जी ‘संथ आणि सखोल’ एरोइका डोक्यावर घेतली, ती फुर्टवेंग्लरने वाजवली त्याहून जलद होती.

मंद्र

वडिलांची तबकडी कोणत्या कंपनीची होती हे मी सांगणार नाही, कारण त्याचा इथे संबंध नाही. त्यानंतर पट्टी दुरुस्त केलेली सीडीही मी घेतली आहे, त्याच मुद्रणाची, आणि माझे मत तिळभर बदललेले नाही. पेटी समोर ठेवून सिंफनी ऐकणाऱ्याला सूर जुळतो की नाही एवढेच कळणार. गार्डिनरच्या वाद्यवृंदाची पट्टी तरी कुठे काळी दोनला जुळते? ती खाली उतरलेली असते, त्याबद्दल संवादिनी यांनी अवाक्षर काढले नाही.

संवादिनी

काढतो. जुन्या वाद्यांचे वादक मध्यम सप्तकातला ए बहुधा ४३० कंपनांवर लावतात, आज ४४० चा प्रघात आहे. तो उतार अर्ध्या सुराच्या आतला आहे आणि वादकांनी तो समजून-उमजून निवडलेला आहे. यंत्राच्या वेगामुळे चढलेली पट्टी आणि वाद्याच्या जातीमुळे उतरलेली पट्टी यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. आपण कानावर विश्वास ठेवा म्हणता, मग कानाने पकडलेली गोष्ट गैरसोयीची निघाल्यावर पेटीवाल्याला नावे का ठेवता?

नागपूरचा श्रोता

पट्टीचा हिशेब चालू द्या, पण डिसेंबर १९४४ ही तारीख सगळे जण इतक्या सहज लिहीत आहेत याचे मला आश्चर्य वाटते. तेव्हा व्हिएन्ना नाझींच्या ताब्यात होते आणि म्यूझिकफेराइनच्या सभागृहात बसून वीरगाथा मुद्रित होत होती. त्याच फुर्टवेंग्लरने एप्रिल १९४२ मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला नववी सिंफनी वाजवली आणि नाझी प्रचारमंत्री गोबेल्सशी हस्तांदोलन केले, त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. तोस्कानिनीने १९३३ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटच्या संगीतमहोत्सवाला जायचे नाकारले आणि १९३६ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये जाऊन युरोपातून हुसकलेल्या ज्यू वादकांच्या नव्या वाद्यवृंदाची पहिली मैफल केली. पुढे आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी अनेक दशके सांभाळला तो हाच वाद्यवृंद. ज्या सिंफनीवरून बेथोव्हनने नेपोलियनचे नाव कागद फाटेपर्यंत खोडले, तिच्यासाठी मी तरी तोस्कानिनीकडेच जाईन.

मंद्र

अर्धी हकीकत सांगून माणसाला फासावर चढवू नका. नाझींच्या रोषाला बळी पडलेल्या हिंडेमिट या संगीतकाराची बाजू घेतल्यामुळे १९३४ मध्ये फुर्टवेंग्लरला पदे सोडावी लागली, अनेक ज्यू वादकांना त्याने मदत केली, आणि डिसेंबर १९४६ मध्ये बर्लिनच्या चौकशीत तो निर्दोष ठरला. नाझी पक्षाचे सदस्यत्व त्याने कधीच घेतले नाही. ते कारायान या संचालकाने घेतले होते, आणि तरीही त्याचा बर्लिनचा १९६३ चा संच घराघरांत आनंदाने वाजतो, तिथे कोणी तारीख विचारत नाही. त्या डिसेंबरात पराभव समोर दिसत असताना वादकांच्या हातून जे उमटले, ते शांत काळात स्टुडिओत बसून येणार नाही. त्याचे स्वतःचे १९५२ चे स्टुडिओतले मुद्रण ऐका, तेच वादक, तोच संचालक, पण ती आच नाही.

नागपूरचा श्रोता

चौकशीचा निकाल मला ठाऊक आहे आणि तो मान्यही आहे. परंतु ती आच कोणाची होती, हा प्रश्न त्या निकालाने सुटत नाही.

अंतरा

या विषयाला अंत नाही, म्हणून मी मूळ मुद्द्यावर येते. मंद्र, शोकयात्रेच्या मध्यावर फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या वाद्यांनी पाठोपाठ उचललेली रचना) सुरू होतो, तिथून पुढची दीड-दोन मिनिटे १९४४ चे मुद्रण ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो, हे मी कबूल करते. पण नीट ऐका, नेमक्या त्याच ठिकाणी फुर्टवेंग्लर लय पुढे रेटतो. म्हणजे आपल्याला जे भावते ते संथपणामुळे नव्हे, संथपणा सोडल्यामुळे.

चिकित्सक

अंतराताईंनी नेमके बोट ठेवले. त्या फ्यूगपुरते १९४४ च्या तोडीचे मीही काही ऐकलेले नाही, एवढे देतो. पण ते देताना हेही सांगतो की लय वाटेल तेव्हा ओढण्या-सोडण्याची मुभा संचालकाने घेतली की एखाद्याच्या हातून असे काही घडते आणि पुढच्या पिढीतले बाकीचे सगळे त्याची नक्कल करत रेंगाळतात. आमच्या लहानपणी आकाशवाणीवर आणि मित्रांकडच्या कॅसेटवर ही रेंगाळलेली ‘एरोइका’च आम्हाला मिळाली, आणि बेथोव्हन म्हणजे जडशीळ असे मानून माझ्या बरोबरीच्या कित्येकांनी तो कायमचा सोडला. १९९४ मध्ये गार्डिनरचा संच आला तेव्हा मी पहिल्यांदा ही सिंफनी एका बैठकीत शेवटपर्यंत ऐकली. पहिल्या भागात मुख्य धून परतण्याआधी हॉर्न जणू चुकून अवेळी शिरतो, ती जागा मला तेव्हा कळली. पहिल्या तालमीत शेजारी उभ्या असलेल्या रीझ या बेथोव्हनच्या शिष्याला ती खरोखर चूक वाटली आणि तसे बोलल्याबद्दल तो गुरूच्या थपडेतून थोडक्यात वाचला. संथ मुद्रणांत व्हायोलिनची ती कुजबुज इतकी लांबते की हॉर्न आल्याचा धक्का बसतच नाही.

ट्रम्पेटच्या ओळीबद्दल मंद्र यांनी अजून चकार शब्द काढलेला नाही, याकडे लक्ष वेधतो.

मंद्र

ट्रम्पेटबद्दल बोलतो. ती ओळ पुरी करणे चूक आहे, आणि फुर्टवेंग्लरने केली म्हणून ती बरोबर ठरत नाही. फ्यूगमधल्या लयीबद्दल अंतराताई म्हणतात ते मी रात्री स्वरलेखन समोर ठेवून पुन्हा ऐकले. लय वाढते हे खरे आहे, परंतु आधी इतका वेळ ती दाबून धरली नसती तर ती वाढल्याचा परिणाम झाला नसता, हे माझे मत कायम आहे. शेर्खेनही ऐकला. वादकांची दमछाक जागोजागी ऐकू येते आणि शोकयात्रा मला पटली नाही, पण पहिल्या भागाला असा जीव आहे की मी तो लागोपाठ दुसऱ्यांदा लावला. माझ्या यादीत तिसरीपुढे फुर्टवेंग्लर १९४४ राहील. त्याखाली शेर्खेन १९५८ जोडतो. गार्डिनर जोडणार नाही.