पणजोबा पक्के कॅथलिक, मग त्यांच्या आजोबांचं लग्न अँग्लिकन चर्चमध्ये कसं काय?

नाशिकरोडची_मावशी:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. माझ्या आईचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, गोरे होते, लँकेशायरमधल्या प्रेस्टनचे. फौजेत भरती होऊन देवळाली कॅम्पला आले आणि १९११ साली इथल्याच मराठी ख्रिस्ती मुलीशी लग्न करून इथलेच झाले, परत काही गेले नाहीत. पणजीचं चर्चमधलं नाव मारिया, पण घरीदारी सगळे साकूच म्हणायचे. पणजोबांची खूण म्हणून घरात प्रार्थनेचं एक जाडजूड पुस्तक उरलंय, पुठ्ठा सुटलेला, आत शाईनं जेम्स आणि खाली प्रेस्टन. आई सांगते की शुक्रवारी शेजाऱ्यांकडे मटण शिजलं तरी त्यांना ते खपायचं नाही, खिडकी लावून घ्यायचे, इतके कट्टर रोमन कॅथलिक.

तर दोन वर्षं झाली, रात्री जेवणं आवरली की माझा मोबाईलवर हाच उद्योग. १८९१ च्या जनगणनेत पणजोबा सापडले, वय वर्षं सहा, आईबाप भावंडं सगळी एका घरात. मग मागे मागे जात त्यांच्या आजोबांचं लग्न सापडलं (खापरपणजोबाच्या वरच्याला काय म्हणतात कोणाला माहीत असेल तर सांगा), १८३२ साल, प्रेस्टनचं पॅरिश चर्च, नवरीनं सहीच्या जागी फुली मारलीय. आणि हे चर्च निघालं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी प्रोटेस्टंट पंथाचं! मामा म्हणतो, म्हणजे आपण मूळचे प्रोटेस्टंट, मधे कोणीतरी धर्म बदलला. आईला हे ऐकून रात्रभर झोप नाही.

दुसरं म्हणजे पणजोबांचा बाप्तिस्मा काही सापडत नाही, जेम्स टाकून टाकून बोटं झिजली. एका वेबसाइटवाल्याला पैसे पण दिले, त्यानं आमच्या आडनावाचं राजचिन्ह फ्रेम करून पाठवलं, सिंह-बिंह काढलेलं. आमचे लोक सूतगिरणीत कामाला होते हो, सिंह कुठला.

सिडकोचा_सम्या:

डीएनए टेस्ट करा ना मावशी, थुंकी पाठवायची, सगळं कळतं

गोदाकाठ:

सम्या, थुंकीत कुठला पंथ दिसतो रे बाबा.

ताई, आईंना सांगा शांत झोपा, कोणी धर्म बदललेला नाही, ते लग्न कायद्यापायी तिथं लागलंय. १७५३ साली लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा झाला, २५ मार्च १७५४ पासून लागू, आणि त्यात असं होतं की इंग्लंड-वेल्समधलं लग्न कायदेशीर धरायचं तर ते अँग्लिकन चर्चमध्येच लागलं पाहिजे. सूट कोणाला, तर ज्यू आणि क्वेकर लोकांना, कॅथलिकांना नाही. हे असं १ जुलै १८३७ ला सरकारी नोंदणी सुरू होईपर्यंत चाललं. तुमचं १८३२ बरोब्बर त्यात बसतं. बरीच कॅथलिक जोडपी एकदा आपल्या फादरपुढे उभी राहायची आणि एकदा पॅरिश चर्चमध्ये जाऊन वहीत सही नाहीतर फुली मारून यायची, कारण तसं नाही केलं तर पोरं अनौरस आणि वारसाहक्काचा घोळ. तुमच्या त्या आजीबाईंनी फुली मारली ती अशी. साक्षीदारांची नावं पण नीट बघून ठेवा, तीच माणसं कॅथलिक वहीत धर्ममातापिता म्हणून परत भेटली तर समजा घर तेच.

आणि पॅरिश या शब्दानं आपण फसतो. तिथं पॅरिश म्हणजे नुसतं देऊळ नव्हे, तलाठी आणि ग्रामपंचायत पण त्यातच आली, गरिबांना मदत वाटायची ती सुद्धा पॅरिशनंच. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला की दर पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचं, तेव्हापासूनच्या या वह्या. पुरायला सुद्धा बहुतेकांना तेच आवार, साधारण १८५० नंतर सार्वजनिक दफनभूमी झाल्या तोवर. म्हणून एकच कॅथलिक माणूस जन्माला कॅथलिक वहीत आणि लग्नाला नि मरणाला अँग्लिकन वहीत सापडतो, मामांना हे दाखवा.

त्याच्या मागे जायचं तर अवघड आहे. १७७८ आणि १७९१ च्या कायद्यांनी ढील मिळेपर्यंत कॅथलिक मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करणं हाच गुन्हा होता, मग वही कोण ठेवणार, वही म्हणजे शिपायाच्या हातात आयती यादी. तेव्हाचे लोक सापडतात ते दंडाच्या कागदात. १५८१ पासून अँग्लिकन चर्चला न जाण्याचा दंड महिन्याला वीस पौंड होता (गरिबाच्या बापाला झेपणार नाही असा) आणि १५९२ पासून त्या थकबाकीदारांच्या वेगळ्या गुंडाळ्या आहेत, रिक्युझंट रोल्स म्हणतात, लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये. हसू नका, माझ्या आजोबांचं नाव पण मला घरपट्टीच्या थकबाकीतच सापडलं होतं.

एक अनुभव सांगतो. त्र्यंबकला उपाध्यायांकडे गेलो होतो, त्यांनी माझं नाव विचारलंच नाही, आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग लाल कापडातलं बाड सोडलं आणि पाच मिनिटांत पणजोबांची मोडीतली सही समोर. तिकडे पण तसंच, नावाच्या मागे धावू नका, आधी गाव आणि चर्च पक्कं करा.

पापडीचा_पोऱ्या:

मावशी, मी वसईचा, आमच्या घरात तीन पिढ्या कोणी ना कोणी चर्चच्या ऑफिसात बसलंय म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, जेम्स शोधू नका, जेकोबस शोधा. त्या काळातल्या कॅथलिक वह्या बहुतेक लॅटिनमध्ये, आणि लॅटिनमध्ये जेम्सचा जेकोबस होतो. आपल्याला वाटतं जेकब म्हणजे दुसराच कोणीतरी आणि आपण पुढे सरकतो. विल्यमचा गुलिएल्मुस, चार्ल्सचा कारोलुस, एलन असेल तर हेलेना. आईच्या नावापुढे ओलिम असं लिहिलेलं दिसेल, त्याचा अर्थ पूर्वीची, म्हणजे पुढचं आडनाव माहेरचं. माझ्या ओळखीतल्या एकानं ओलिम हे आडनाव समजून सहा महिने ओलिम घराणं शोधलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही प्रेस्टनला शोधताय, पण चावी देवळालीत आहे. १९०७ मध्ये रोमनं ने तेमेरे नावाचा हुकूम काढला, १९०८ च्या ईस्टरपासून लागू. त्यानं नियम झाला की कॅथलिक माणसाचं लग्न कुठंही लागो, लग्न लावणाऱ्या फादरनं त्याचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, जिथं झाला त्या धर्मग्रामाला (पॅरिशला) कळवायचं आणि तिथल्या वहीत त्याच्या नावाशेजारी समासात लग्नाची नोंद करायची. हेतू हा की लबाडी करून दोनदा लग्न करता येऊ नये, फौजी माणसं तर आज इथं उद्या तिथं. पणजोबांचं लग्न १९११ चं. म्हणजे देवळालीच्या फादरला त्यांचा बाप्तिस्मा कुठे झाला ते विचारावंच लागलं असणार. आधी कॅम्पातल्या चर्चमध्ये जाऊन लग्नाची वही बघा, मेल-बिल नंतर करा. जाताना आईचा जन्मदाखला आणि आधार घेऊन जा, आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर लगेच फादरला पकडू नका, तेव्हा शंभर जणं मागे असतात.

मूळची_पंचवटीची:

वरच्यांनी सगळं सांगितलंच आहे, मी मँचेस्टरला असते म्हणून इकडचं थोडं. लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स म्हणून साइट आहे, फुकट आहे, कॅथलिक चर्चच्या नोंदी पण आहेत. सरकारी जन्मनोंदणीच्या जीआरओ इंडेक्समध्ये १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव दिसतं, सर्च फुकट, त्यावरून एका नावाचे दहा जेम्स असले तरी तुमचा कोणता ते कळेल. मग जेम्सच्या आईबापांचं लग्नाचं सर्टिफिकेट मागवा, त्यावर लग्न कुठल्या विधीनं लागलं ते छापलेलं असतं, रोमन कॅथलिक असेल तर मामांचं तोंड बंद. जनगणनेत मात्र धर्म शोधू नका, इंग्लंडात तेव्हा घरोघरी धर्म विचारतच नव्हते (आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ ला विचारलाय, आणि त्या फुकट बघता येतात, कोणी आयरिश निघालं तर).

आणि प्रेस्टनला कॅथलिक चर्च भरपूर. सेंट विल्फ्रिड १७९३ चं, सेंट वॉलबर्ग १८५४ चं, त्याचा कळस ३०९ फूट, ट्रेनमधून लांबूनच दिसतो. त्यामुळे नुसतं प्रेस्टन कळून भागत नाही, कुठलं चर्च ते पाहिजे. जुन्या वह्यांपैकी बऱ्याच तिथंच लँकेशायर अर्काइव्हजमध्ये आहेत. कळलं की सांगा, एखाद्या शनिवारी मी जाऊन येईन.

नाशिकरोडची_मावशी:

बाई गं, किती ते उपकार. आईला कायद्याचं वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली मग बिचाऱ्यांनी दोनदा लग्नाचा खर्च केला की काय. या आठवड्यात बाळ येशूच्या यात्रेची गर्दी आहे, रिक्षा मिळत नाही, ती उरकली की देवळालीला जाते.

नाशिकरोडची_मावशी:

तीन आठवड्यांनी लिहितेय. गेले होते. पहिल्या दिवशी फादर बाहेरगावी, दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली बाहेरगावी. तिसऱ्या दिवशी फादरनी स्वतः गोदरेजचं कपाट उघडून वही काढली, डांबरगोळ्यांचा वास, कडा वाळवीनं कुरतडलेल्या पण मधला मजकूर शाबूत. १९११ चं पान त्यांनी एका बाजूनं पट्टी लावून हळूच उलटलं. जेकोबस! पोऱ्या, तुझ्या तोंडात साखर. पुढे बापाचं नाव, पलटणीचं नाव, आणि बाप्तिस्म्याच्या रकान्यात प्रेस्टन, सेंट वॉलबर्ग. मी तिथंच खुर्चीवर बसले, फादरनी पाणी दिलं.

पंचवटीच्या ताईंना त्याच रात्री कळवलं आणि त्या खरंच जाऊन आल्या, काल फोटो आला. १८८५ ची नोंद, जेकोबस, खाली आईचं नाव आणि ओलिम करून माहेरचं आडनाव. शेजारी समासात दुसऱ्याच शाईत, बारीक तिरक्या अक्षरात, लग्न १९११, देवळाली, इंदिइस ओरिएंतालिबुस (लॅटिनमध्ये ईस्ट इंडीज). देवळालीचं स्पेलिंग पार चुकवलंय. आणि त्याच्यापुढे बायकोचं नाव, मारिया साकू.

आई आता ८० ची आहे. फोटो मोठा करून तिला दाखवला, चष्मा पुसून तिनं दोनदा बघितला आणि म्हणाली, अगं पण साकू त्यांना कोणी सांगितलं?