मदत हवी आहे: हेलहॅमरची १९८४ ची रेकॉर्ड खरीच जुनी आहे का?

मंडळी, झुरिकजवळच्या नुरेन्सडॉर्फचा हेलहॅमर हा हेवी मेटल बँड माझा जीव की प्राण. १९८२ ते १९८४, एवढाच त्यांचा संसार! तीन डेमो (कच्ची रेकॉर्डिंग), नॉइज रेकॉर्ड्सने काढलेली ‘अपोकॅलिप्टिक रेड्स’ ही ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड), आणि लगेच बँड मोडून त्यातल्याच टॉम वॉरियर व मार्टिन एरिक एन यांनी सेल्टिक फ्रॉस्ट हा नवा बँड उभा केला. तेव्हा समीक्षकांनी यांना पार धुऊन काढलं होतं; पुढे ब्लॅक आणि डेथ मेटल या मेटलच्या उग्र प्रकारांतल्या लोकांनी डोक्यावर घेतलं. ईपीतल्या ‘ट्रायम्फ ऑफ डेथ’ या गाण्यातली ती नऊ मिनिटांहून लांब, चिखलातून ओढल्यासारखी गिटार आणि टॉमच्या किंकाळ्या ऐकल्या की अजून काटा येतो.

आता मुद्दा. या ईपीची एक जुनी रेकॉर्ड मला विकत मिळतेय. विकणारा म्हणतो, १९८४ चीच आहे. कव्हरच्या कडा झिजल्यात, आत चारच गाणी. १९९० च्या आवृत्तीत दोन गाणी जास्त होती, त्यामुळे ती नव्हे हे नक्की. पण नंतरची नक्कल असली तर? लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे कसे ताडून बघायचे? कुणाकडे मूळ प्रत असेल तर त्या पट्टीचा आणि लेबलाचा फोटो टाका ना, प्लीज. रक्कम मोठी आहे, रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.