शब्दचर्चा: हलगी घुमते की खोली घुमते?

टिपरू
कोल्हापुरात राजारामपुरीत माझा छोटा स्टुडिओ आहे. बारा बाय दहाची खोली आणि काचेपलीकडं मिक्सिंगचं टेबल. बेंजो पार्टीतली, ताशा पथकातली आणि एकदोन रॉक बँडमधली पोरं रेकॉर्डिंग शिकायला येतात. त्यांच्यासाठी ड्रम आणि हलगी रेकॉर्ड करण्यावर मराठीत आठ पानं लिहिली आणि छापण्याआधी एका भाषेच्या जाणकारांना वाचायला दिली. मी जिथं जिथं 'घुमणं' लिहिलं होतं, तिथं त्यांनी 'प्रतिध्वनी' केलं. त्यानं अर्थच फिरला.

हा शब्द मी ज्यांच्याकडून उचलला, तो प्रसंग सांगतो. हलगी, घुमकं (खालच्या सुराचं तालवाद्य), कैताळ (झांजा) वाजवणारे असे तिघं आले होते. हलगीला वीतभर अंतरावर एसएम ५७ माइक लावला. पहिला टेक ऐकून हलगीवाले मामा म्हणाले, "हलगी घुमंना झाल्या." मी रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीत आवाज रेंगाळल्याचा इफेक्ट, चढवला. त्यांनी मान हलवली. "न्हवं, हे देवळात वाजिवल्यागत झालं. खोली घुमायला लागली. हलगी घुमाय पायजे." मग लक्षात आलं, चॅनलवर १५० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे जाड आवाजाचं, सगळं कापलेलं होतं. ती कात्री काढली, माइक दोन हात मागं घेतला, आणि मामा हसले.

म्हणजे वाद्याचं घुमणं वेगळं, खोलीचं वेगळं. दोन्हीला एकच क्रियापद, फरक फक्त कर्त्याचा. टिपणात दोन वेगळे शब्द हवेत. कुणाकडं आहेत?

मात्रावेलांटी
'प्रतिध्वनी' इथं चूकच आहे, यात वाद नको. मूळ आवाजापासून प्रतिध्वनी सुटा ऐकू यायला मध्ये किमान ०.१ सेकंद जावा लागतो, म्हणून भिंत निदान १७ मीटर लांब हवी. हे आपण सगळे शाळेत शिकलो. बारा फुटांच्या खोलीत तो कुठून येणार? एकात एक मिसळून आवाज रेंगाळतो, त्याला पाठ्यपुस्तकात 'निनाद' आहे. चांगला, छोटा, मराठीत मुरलेला शब्द. खोलीसाठी तो घ्या आणि 'घुमणं' वाद्याला ठेवा.

साउंडवाला
ताई, निनाद पुस्तकात चांगला आहे, पण मिक्सरवर कुणाच्या तोंडी नाही. गणपतीत, शिवजयंतीत, मैदानात मी वीस वर्षं साउंड लावतोय. गायक म्हणतो "रिव्हर्ब द्या" किंवा "थोडं घुमवा". पोरगं उद्या स्क्रीनवर जे बटण शोधणार, त्याच्यावर रिव्हर्बच लिहिलेलं असणार. त्याला दोनदा शिकायला का लावायचं? शिवाय आमच्याकडं नाद म्हटलं की नादखुळा आठवतो, आवाज नंतर.

मात्रावेलांटी
तोंडी नाही म्हणून घालायचाच नाही, तर तोंडी येणार कधी? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तेव्हा त्यातले शब्द तरी कुठं सगळ्यांच्या तोंडी होते? आणि हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्या धंद्यातले दिग्दर्शक, बोलपट हे शब्द सावरकरांनी दिले, आणि आज दिग्दर्शक म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. कुणीतरी आग्रहानं वापरले म्हणून हे शब्द रुजले.

साउंडवाला
आणि बोलपट कुठं गेला? पेठेत आजही पिक्चरच बघतात.

पंचगंगाकाठ
मूळ मुद्द्यावर माझी हरकत आहे. आमच्या घरात तीन पिढ्या वाजवतात. हलगी घुमत नाही, हलगी कडाडते. घुमायचं काम घुमक्याचं, म्हणून तर त्याला घुमकं म्हणतात. टिपरूदादा, ते मामा कुठले होते?

टिपरू
शिरोळकडचे. पण शब्द हाच होता, दादा. टेकच्या आधी बोलणं सुरू होतं तेही रेकॉर्ड झालंय, आत्ता परत ऐकून लिहितोय.

पंचगंगाकाठ
मग तिकडची रीत असेल. करवीर भागात, म्हणजे कोल्हापूरच्या आसपास, असं कुणी म्हणणार नाही. खासबागेच्या मैदानात कुस्ती लागली की हलगी 'घुमली' म्हणून बघा, आसपासचे वस्ताद दुरुस्त करतील.

वेशीबाहेरचा
घुमणं हा शब्द घुमटावरून आला असावा. शाळेची सहल विजापूरला गेली होती, गोलघुमटात एक टाळी सात वेळा ऐकू येते म्हणून आम्ही सगळी पोरं टाळ्या वाजवत होतो. म्हणजे आधी घुमट, मग घुमणं. त्या हिशेबानं हा शब्द मुळात खोलीचाच, वाद्याचा नव्हे.

निपाणीची माहेरवाशीण
घुमट फारसी गुंबदवरून आला. पारवा काय घुमट बांधल्यावर घुमायला लागला? घुमणं हा आवाजावरूनच पडलेला शब्द आहे, ओठ मिटून 'घूं' करून बघा.

घुमणारं काय काय असतं ते आठवू. पारवा घुमतो, तो चोच न उघडता, गळ्यातल्या गळ्यात. अंगात आलेली बाई घुमते, तोंड मिटून. जो मनातलं बाहेर काढत नाही तो घुमा. गोव्याचं घुमट हे वाद्य म्हणजे मातीचं मडकंच. सगळीकडं आवाज आतल्या आत फिरतोय. मला वाटतं घुमणं म्हणजे पोटातला आवाज. तेव्हा शिरोळचे मामा बरोबर होते, त्यांना हलगीचं पोट ऐकू येत नव्हतं.

आणि खोलीला आपल्याकडं शब्द आहे की! दुमदुमणं. देऊळ दुमदुमतं, मांडव दुमदुमतो. वाद्य घुमतं, जागा दुमदुमते.

टिपरू
ताई, हे वाचून खुर्चीतून उठलो. दुमदुमणं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वरच्या पानावर लगेच पेन्सिलीनं लिहिलंय.

साउंडवाला
शब्द गोड आहे, पण दुमदुमणं ही कौतुकाची गोष्ट. जयघोषानं गड दुमदुमला, असं. आमची तक्रार उलट असते. पत्र्याच्या हॉलमध्ये ताशाचा गोंगाट होतो तेव्हा 'हॉल दुमदुमतोय' म्हटलं, तर आयोजक खूष होऊन जाईल.

टिपरू
त्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती माझ्याच खोलीची. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. या लांबीत साधारण ४७ हर्ट्झच्या आवाजाची अर्धी लाट नेमकी बसते, त्यामुळं बेस ड्रमवर पाय पडला की तेवढाच सूर फुगतो. कोपऱ्यात उभं राहिलं तर छातीत बसतो, मधोमध आलं की जवळजवळ गायब. भिंतीला पट्टणकोडोलीच्या जत्रेतून आणलेल्या घोंगड्या लावल्या. त्यांनी झांजेचा चरचराट मेला, खालचं काही हललं नाही. शेवटी कोपऱ्यात रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे) हातभर जाड गठ्ठे उभे केले, तेव्हा थोडं उतरलं. निपाणीच्या ताईंच्या व्याख्येनं हे खोलीच्या पोटातलंच झालं. तिथं खोली दुमदुमत नाही, खोली घुमतेच. म्हणजे आता दोनाचे तीन शब्द लागणार.

मात्रावेलांटी
रेंगाळतो तो निनाद, पोटातलं ते घुमणं, मग वाद्याचं असो की खोलीचं. दोनच पुरतात.

पंचगंगाकाठ
दोन की तीन ते तुम्ही बघा. मला एक विचारायचंय, टिपणात हलगी 'तापवणे' लिहिलंय का? असेल तर बदला. भाकरी, पाणी, दूध तापवतात. हलगी शेकतात.

टिपरू
'चढवणे' लिहिलंय. मामा एसीत बसले की दर दोन टेकनंतर म्हणायचे, "उतरली, चढवून आणतो." बाहेर जाऊन कागद पेटवायचे. पावसाळ्याचे दिवस, कातडं ओल धरायचं आणि सूर खाली यायचा. दुसऱ्या टेकची हलगी पहिल्याला जोडता येईना. तेव्हापासून प्रत्येक टेकच्या आधी शेगडी, हा आमचा नियम झालाय.

साउंडवाला
आता निम्मे लोक कातड्याऐवजी फायबरचं पान लावतात. त्याला ना शेकणं ना चढवणं, नुसतं आवळायचं.

पंचगंगाकाठ
फायबरचं सोडा. आणि चढवतात ती दोरी-पट्टीची वाद्यं, ढोलकी नाहीतर तबला. हलगीला कुठं दोरी? आमचे आजोबा जाळावर हलगी फिरवत कातड्यावर अंगठा घासायचे, कान जवळ न्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "आली." तापली नाही, चढली नाही. आली.