कुलदीप नय्यर म्हणजे नुसते 'मेणबत्तीवाले'?

शाईचा डाग:
परवा 'सडेतोड'रावांनी पत्रकार कुलदीप नय्यरांबद्दल एक ओळ टाकली, "नय्यर म्हणजे वाघा सीमेवर भारत-पाक मैत्रीच्या मेणबत्त्या लावणारा म्हातारा, पत्रकारिता शून्य." दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला, नाही जमलं. अहो, आणीबाणीत, १९७५ च्या जुलैत, हा माणूस मिसाखाली (खटल्याशिवाय आत टाकायचा कायदा) तिहारला गेला तेव्हा भलेभले संपादक तोंडाला कुलूप लावून बसले होते. बायकोनं हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेलाच आव्हान देणारा अर्ज, टाकला, निकालाच्या आधीच सरकारनं घाईघाईनं सोडून दिलं, तरी दिल्ली हायकोर्टानं निकाल वाचलाच, मग त्या दोन न्यायमूर्तींपैकी एकाची बदली गुवाहाटीला आणि दुसरे परत सेशन्स कोर्टात. शास्त्री ताश्कंदला गेले तेव्हाही हा तिथं हजर. कॉलम १४ भाषांत जायचा. शून्य म्हणे!

सडेतोड:
जेलात गेला म्हणून लिखाण चांगलं, हे कुठलं गणित? २७ मे १९६४ ला नेहरू गेले, आणि लगेच यूएनआय वृत्तसंस्थेवर याची बातमी, की मोरारजी पंतप्रधानपदाच्या शर्यतीत उतरले. चिता पेटायच्या आधीच खुर्चीची घाई, असा लोकांनी अर्थ काढला, मोरारजी आपटले, शास्त्री आले. आणि हा कोण, तर शास्त्रींचाच जुना प्रेस ऑफिसर! नंतर काँग्रेस अध्यक्ष कामराज कानात 'थँक्यू' म्हणाले हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. आजच्या अँकरनं हेच केलं असतं तर काय म्हणाला असतात?

निवांत:
बातमी खोटी होती का पण? मोरारजींना व्हायचंच होतं की. माझं दुखणं वेगळंय. रिपोर्टर म्हणून बाप माणूस, पण नंतरचे कॉलम वाचवत नसत, दर आठवड्याला तेच त्यांचं जन्मगाव सियालकोट आणि तीच फाळणी. आमचे बाबा कात्रणं काढून वहीत चिकटवायचे, वही मी चाळलीय, दहा कात्रणांत मजकूर एकाचाच.

मिसाकाका:
मिसाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. माझे काका १९ महिने येरवड्यात. मिसाबंदींचं महाराष्ट्र सरकारचं पेन्शन २०१८ ला सुरू, २०२० ला बंद, २०२२ ला परत सुरू. सरकार बदललं की काकांचं देशप्रेम पण बदलतं का? त्यात नियम असा की महिन्याहून जास्त आत असाल तर सगळ्यांना सारखंच. नय्यर दोन महिनेही आत नव्हते, ते इथले असते तर त्यांनाही काकांएवढेच!

शाईचा डाग:
काका, विषय नय्यर आहे.

आत्याबाई:
नाही, बोलू द्या त्यांना. आमची आत्या पण आत होती, समाजवादी. तिनं पेन्शनचा फॉर्मच भरला नाही, म्हणाली जेलात गेले ते काय नोकरीला गेले होते? पैसे घेणाऱ्यांनी त्याग वगैरे शब्द तरी वापरू नयेत.

मिसाकाका:
तुमच्या आत्याला घरचं असेल. काका आत असताना काकूनं शिवणाची मशीन चालवून दोन पोरं वाढवली. तिला जाऊन ऐकवा तुमचा त्याग.

आत्याबाई:
घरचं?? शिक्षिकेची नोकरी गेली होती तिची! माहीत नसताना बोलू नका.

निवांत:
झालं, आता नय्यर राहिले बाजूला.

सडेतोड:
मी आणतो परत. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांनी नय्यरना तिकडच्या अणुबॉम्बबद्दल सांगितलं जानेवारी १९८७ च्या शेवटी, छापून आलं १ मार्चला, तेही लंडनच्या पेपरात. देशाच्या जिवाशी आलेली बातमी महिनाभर खिशात?

शाईचा डाग:
हे मात्र मलाही खटकतं. पण मुलाखत मिळवली कुणी? तुम्ही? आणि निवडणुका होणार हे १९७७ च्या जानेवारीत सगळ्यात आधी फोडलं कुणी?

सडेतोड:
बरं बाबा, 'शून्य' मागे घेतो. दहात चार. मेणबत्त्यांचा एक कापला.

निवांत:
चार? सडेतोडांकडून म्हणजे भारतरत्नच.

मिसाकाका:
तुमचे मार्क चालू द्या. काकूंनी वारस म्हणून केलेला पेन्शनचा अर्ज कचेरीत पडलाय, कुणाला प्रोसिजर माहितीय का? आत्याबाई सोडून कुणीही सांगा.

आत्याबाई:
हयातीचा दाखला जोडलाय का? नसेल तर आधी तो जोडा. आणि काकूंना माझा नमस्कार सांगा, तुम्हाला नाही.