वडिलांचं शिसं हरवल्यापासून गळाला मासा नाही. तुमच्याकडे असं काही पाळतात का?

खडपावरचा गरवणारा, देवगड
नमस्कार मंडळी. वीस वर्षं खडपावरून, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांवरून, गरवतो, गळ टाकून मासे धरतो. गळ तळाला न्यायला दोरीला बांधतात तसं, वडिलांनी ओल्या वाळूत ओतलेलं एक शिसं माझ्याकडे होतं, करंगळीएवढं, एका अंगाला कोयतीचा घाव. संक्रांतीच्या आधी ते कपारीत अडकलं आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तुटला. त्यानंतर पाच वेळा गेलो, साधा शेंगाळासुद्धा नाही. त्याच जागी तांबोशी, गोबरे मिळायचे!

माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तिथे विनेबागो तळं गोठलं की बर्फाला मोठं भोक पाडतात, त्यावर अंधारं खोपटं उभं करतात आणि खालून स्टर्जन मासा गेला की भाला मारतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी हंगाम उघडतो, फार तर १६ दिवस. मासा जवळ यावा म्हणून पाण्यात लाकडी मासा सोडतात. भाच्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याकडे आजोबांनी कोरलेला मासा आहे. रंग पार उडालाय, पण नवा रंग देत नाही आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. हे ऐकलं आणि मला त्या रात्री झोप आली नाही.

नवं शिसं ओतू, की जुनं शोधू?

होडीवाला तांडेल, हर्णै
दादा, शोधा. आमच्याकडे नवं जाळं आलं की हळदकुंकू लावल्याशिवाय पाण्यात जात नाही. चप्पल घालून होडीत चढायचं नाही, आणि निघताना घरातलं कुणी 'कुठे' म्हणून विचारत नाही. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपते, पण नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला दिल्याशिवाय माझी होडी हलत नाही. एका वर्षी नारळ देऊन दुसऱ्याच दिवशी जाळं फाटलं. तरी पुढच्या वर्षी दिलाच. नारळ दिला की खलाशांचे चेहरे सैल होतात, हे मी नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) उभा राहून दरवर्षी बघतो.

वेंगुर्ल्याची ताई
शिशावर तुमचा जीव आहे ते समजतं. माझं एक मनातलं सांगते. नऊ वर्षांची असताना मी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी ओलांडली आणि त्या दिवशी रापण रिकामी आली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आईने मला महिनाभर किनाऱ्यावर येऊ दिलं नाही. आणि मासे निवडायला, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायला त्याच किनाऱ्यावरच्या बायका! तुमचं शिसं कुणाला दोष देत नाही, म्हणून मला ते आवडलं. ज्या समजुतीत एखाद्या पोरीवर खापर फुटतं, ती सोडाच.

भांगाचा भक्त, मालवण
पाच वेळा गेलात त्या तिथी कोणत्या? उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, आपल्याकडे खडपाजवळ पाणी गढूळ होतं, ओढ जबरदस्त. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी निवळतं. आणि आता बाजारातलं शिसं लावत असाल तर वजन बघा. हलकं असेल तर ओढीत तळाला टिकत नाही, आणि तांबोशी तर तळाला कपारीतच.

खडपावरचा गरवणारा, देवगड
कॅलेंडर काढून बघितलं. पाचांतल्या तीन फेऱ्या अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे होत्या. नवं शिसंही हातात घेतल्यावर हलकंच लागतं. भाच्याला विचारलं, तोही म्हणाला, पाणी गढूळ असेल त्या वर्षी म्हाताऱ्याचा लाकडी मासा लावूनही भाला कोरडाच राहतो.

ताई, तुमचं वाचून बायकोला दाखवलं. मी गरवायला निघालो की ती दारात येत नाही, आत थांबते. कुणी शिकवलं ते मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारलं. तिच्या सासूने, म्हणजे माझ्याच आईने.

येत्या अष्टमीला जड शिसं घेऊन जातो. त्यानंतरच्या अमावास्येच्या सुकतीला (ओहोटीला) पाणी सगळ्यात खाली उतरेल तेव्हा ती कपार उघडी पडते. बायको म्हणते, मीपण येते, बॅटरी मी धरते. सापडलं तर फोटो टाकतो.